बोटांच्या बेचक्यात राखायचा पाय

मंडळी, दर पावसाळ्यात रोवणी आटोपली की मौदा, कुही, रामटेककडची माणसं पाय दाखवायला नागपूरला येतात. बांधीतल्या चिखलात दिवसभर उभं राहून बोटांच्या बेचक्यात चिखल्या झालेल्या असतात. एरवी चिखल्यांना मलम लावलं की आपण विसरून जातो. पण पाय आधीच सुजलेला असेल, तर तेवढीच चीर माणसाला अंथरुणाला खिळवते.

असं का होतं? पेशींभोवतीचं प्रथिनयुक्त पाणी लसवाहिन्या परत रक्तात नेतात. क्युलेक्स डासातून आलेले हत्तीरोगाचे जंत नेमके याच वाहिन्यांत वर्षानुवर्षं मुक्काम करतात. कॅन्सरमुळे जांघेतल्या लसगाठी काढल्या किंवा तिथे रेडिएशनचा शेक दिला, तरी वाट अडतेच. पाणी साचतं आणि चिरेतून शिरलेल्या जंतूंचं फावतं. थंडी वाजून ताप, जांघेत अवधाण म्हणजे दुखरी गाठ, लालबुंद पाय. असा प्रत्येक झटका उरल्यासुरल्या वाहिन्याही खराब करतो.

परवा एक मावशी म्हणाल्या, "मॅडम, पानी उतरवाची गोळी देऊन द्या ना." मला वाईट वाटलं, कारण त्या गोळीचा इथे उपयोग नाही. पाणी लघवीवाटे गेलं तरी प्रथिनं मागे राहतात आणि पुन्हा पाणी ओढतात. २०१९ साली आपल्या जिल्ह्यात घरोघरी तीन औषधं दिली: आयव्हरमेक्टिन, डीईसी, अल्बेंडाझोल. ती जरूर घ्यावीत, त्यांनी रोगाचा फैलाव थांबतो. पण जुनी सूज त्यांनी उतरत नाही.

पाय राखायचा तो धुऊन. साधं पाणी, साधा साबण. गरम पाणी नको, घासणी तर नकोच. वरून खाली या, कातडीची प्रत्येक घडी उघडा, पाणी नितळ येईपर्यंत धुवा. मग कोरडं करा, आणि खरी चूक इथेच होते. टॉवेल बेचक्यात जात नाही. जुन्या सुती धोतराची धुतलेली पट्टी घ्या, बोटांमधून अलगद सरकवा, ओल टिपा. चीर दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, अंगावर काढू नका. ज्यांना वाकता येत नाही, त्यांचा पाय घरातल्या कुणीतरी धुवायचा. त्यात कमीपणा कसला?

रात्री गादीखाली पायाकडे घोंगडी घालून उंची द्या. सूज दाबून धरणारा पट्टा सकाळी, सूज कमी असताना पायाला बांधायचा. पण आधी डॉक्टरांकडून पायाचा रक्तपुरवठा तपासून घ्या, मधुमेह आणि हृदयाच्या रुग्णांनी तर नक्कीच. मे महिन्यात पट्टा नकोसा होतो, हे मलाही कळतं. तेव्हा निदान कूलरसमोर बसून तरी बांधा. झटका आला की मात्र पट्टा आणि व्यायाम दोन्ही बंद. थंड पाण्याच्या घड्या, आराम आणि लगेच दवाखाना.

बादली आणि पट्ट्या आणल्या आहेत. पहिल्या रांगेतल्या मावशी, या, पाय इथे ठेवा. बाकीच्यांनी बसल्या बसल्या टाचा उचला, टेकवा. पुन्हा उचला.