धूर म्हणजे न जळलेलं सरपण

(दृश्य : लातूर जिल्ह्यातलं गाव. घरामागे तुराट्यांचे भारे, शेजारी गोवऱ्यांची रास.)

तुरीची रास झाली की तुराट्यांचे भारे घरामागे येतात. सोबत कपाशीच्या पऱ्हाट्या आणि बाभळीची लाकडं. चूल पेटवायला तुराटी लागते, धग धरायला बाभूळ. मराठवाड्यातल्या बाईला हे कुणी शिकवावं लागत नाही.

(दृश्य : पेटती चूल, अगदी जवळून.)

आता जाळाकडे नीट बघा. लाकूड आणि ज्वाळा यांच्यात जरासं अंतर दिसेल. कारण ज्वाळेत लाकूड जळतच नाही. तापमान अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं, की लाकडाचं विघटन होऊन वायू बाहेर पडतात. पेट घेतात ते हे वायू. हवेतल्या सुमारे 21 टक्के ऑक्सिजनशी त्यांचा संयोग होतो, कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते, उष्णता मिळते. वायू सरले की उरतो कोळसा. तो ज्वाळेविना, पृष्ठभागावरच जळतो. तोच निखारा. तुराटी बारीक, म्हणून लवकर तापते आणि भपकन पेटते. बाभूळ घट्ट, म्हणून तिचे निखारे टिकतात.

परळीच्या औष्णिक वीज केंद्रातही दगडी कोळसा आधी पिठासारखा दळतात, मगच हवेच्या झोताबरोबर भट्टीत सोडतात. कण जितका बारीक, तितका हवेशी संपर्क जास्त.

(दृश्य : पावसाळा. चुलीत ओलं लाकूड, घरभर धूर.)

खरी हानी इथे होते. एक किलो ओल्या लाकडात 400 ग्रॅम पाणी धरू. ते तापवून त्याची वाफ करायला सुमारे 245 किलोकॅलरी उष्णता लागते. तेवढ्यात साडेतीन लिटर पाणी 30 अंशांपासून उकळीला आलं असतं! चूल थंड राहते, वायू पेटण्याआधीच निसटतात आणि डोळ्यांत जातात. धूर म्हणजे न जळलेलं सरपण. रानातून डोक्यावर वाहून आणलेलं, आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या छातीत साठणारं. याला नशीब म्हणून सोडून देणं मला मान्य नाही. सरपण पत्र्याखाली वाळवावं, जाड लाकडं फोडावीत, लाकडाखालून हवा यावी म्हणून चुलीत लोखंडी जाळी बसवावी. फुंकणीनं घडीभर होणारं काम जाळी सतत करते.

(दृश्य : हिवाळ्याची रात्र. खोलीत निखाऱ्यांची शेगडी.)

इथे मात्र धूर नाही, म्हणून निर्धास्त राहू नका. हवा अपुरी पडली की निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, आणि झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. निजण्याआधी शेगडी अंगणात काढून ठेवा.