टाकळीचे स्वार आणि तिकीट नाकारलेला उमेदवार

(दृश्य : रिकामा वर्ग. फळ्यावर खडूने लिहिलेली दोन वाक्ये.)

नागपुरात भाषांतराचा वर्ग घेताना मी एकदा दोन वाक्ये इंग्रजीत करायला दिली होती. पहिले त्या आठवड्याच्या वर्तमानपत्रातले होते : 'पक्षाने तिकीट नाकारल्याने माजी नगरसेवकाने बंड केले.' दुसरे इतिहासातले होते : '१८५७ च्या जूनमध्ये टाकळी छावणीतील स्वारांनी बंडाचा कट केला.' वह्या तपासायला घेतल्या तेव्हा जवळजवळ निम्म्या वर्गाने दोन्हीकडे 'म्युटिनी' हा एकच शब्द लिहिलेला आढळला. नगरसेवकाच्या वाक्याखाली मी लाल शाईने रेघ ओढली आणि समासात लिहिले, 'हा पक्ष आहे, पलटण नव्हे.' वह्या परत दिल्यावर मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी उभी राहून म्हणाली, "सर, मराठीत दोन्ही ठिकाणी बंडच आहे ना? मग इंग्रजीत काय बिघडलं?"

तिचा प्रश्न माझ्या शेऱ्यापेक्षा चांगला होता. सत्तेविरुद्ध उभे राहण्यासाठी इंग्रजीत डझनभर तरी शब्द आहेत, आणि त्यांतला प्रत्येक शब्द उभा राहणारा माणूस आधी त्या सत्तेचा कोण लागत होता, हे गृहीत धरूनच वापरला जातो. तो जिंकलेला शत्रू होता, शपथ घेतलेला शिपाई होता, की नुसता गाऱ्हाणे घेऊन आलेला नागरिक होता, यावर शब्द बदलतो. आपले 'बंड' ही चौकशी करत नाही. वर्गात मी हे दोन मिनिटांत सांगून मोकळा झालो होतो. ते नीट सांगण्यासाठी मात्र नागपूरच्या काही जागांवर जावे लागते.

(दृश्य : सीताबर्डीची बाजारपेठ, कॅमेरा हळूहळू टेकडीकडे वळतो.)

नागपूरकर ज्याला नुसते 'बर्डी' म्हणतात, त्या गजबजाटाच्या डोक्यावर सीताबर्डीचा किल्ला आहे. तो लष्कराच्या ताब्यात असल्याने सर्वसामान्यांना प्रजासत्ताक दिन, स्वातंत्र्य दिन अशा मोजक्याच दिवशी वर जाता येते. या टेकडीवर २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसले यांचे सैन्य आणि ईस्ट इंडिया कंपनीची फौज यांच्यात लढाई झाली. आप्पासाहेबांनी आदल्याच वर्षी कंपनीशी तैनाती फौजेचा तह केलेला होता. लढाईत पराभव झाला, पुढे त्यांना पदच्युत करून कैद करण्यात आले, १८१८ साली ते त्या कैदेतून निसटले, महादेवाच्या डोंगरांत गोंडांच्या आश्रयाने काही काळ झुंजले आणि अखेर १८४० साली जोधपुरात वारले.

आता शब्द लावून पाहू. १८१७ ची लढाई दोन सत्तांमधली होती. तिला 'वॉर' म्हणजे युद्धच म्हणावे लागेल. डोंगरातले आप्पासाहेब मात्र इंग्रजांच्या लेखी 'रेबेल' ठरतात, आणि हा शब्द येथे त्याच्या मूळ अर्थाने चपखल बसतो. लॅटिनमध्ये 'बेलम' म्हणजे युद्ध आणि 'रेबेलारे' म्हणजे पुन्हा युद्ध मांडणे. एकदा हरलेल्या, तह मान्य केलेल्या माणसाने परत शस्त्र उचलले की तो 'रेबेल'. जिंकणाऱ्याच्या बाजूने पाहिल्याखेरीज हा शब्द तयारच होत नाही, कारण युद्ध संपले हे ठरवण्याचा अधिकार जिंकणाऱ्याने आधीच आपल्याकडे घेतलेला असतो. पुढे शतकानुशतके वापरून हा शब्द इतका गुळगुळीत झाला, की ब्रिटिश संसदेत पक्षादेश झुगारून मत देणाऱ्या खासदारालाही आज 'रेबेल' म्हणतात, आणि घरात केस रंगवणाऱ्या मुलालाही.

टाकळीच्या स्वारांची गोष्ट वेगळी आहे. तिसऱ्या रघुजींच्या मृत्यूनंतर, १८५४ साली, डलहौसीने नागपूर संस्थान खालसा केले. त्यानंतर तीन वर्षांनी, जून १८५७ मध्ये, टाकळीच्या छावणीतील अनियमित घोडदळाने उठण्याचा बेत केला. तो फुटला आणि काही जणांना फाशी झाली. या स्वारांनी कंपनीची चाकरी पत्करली होती, पगार घेतला होता, हुकूम मानण्याचे कबूल केले होते. हे नाते आतून मोडणे म्हणजे 'म्युटिनी'. शब्दाचे मूळ 'हलणे' या अर्थाच्या लॅटिन धातूत आहे. रांगेत स्थिर उभे राहणे हेच ज्यांचे काम, त्यांचे हलणे. म्हणूनच तो सैन्याला, आरमाराला आणि जहाजावरच्या खलाशांना लागतो. तो घडून यावा लागतो असेही नाही. आपल्या १९५० च्या लष्करी कायद्यातसुद्धा म्युटिनीचा कट करणे हा म्युटिनी करण्याच्या बरोबरीचाच गुन्हा आहे. टाकळीचा बेत एक रात्रही टिकला नाही, तरी शब्द तोच राहतो.

येथे एक खोच आहे आणि ती इंग्रजांनाही तेव्हाच कळली होती. २७ जुलै १८५७ रोजी ब्रिटिश संसदेत विरोधी बाकावरून डिझरायली यांनी सरकारला विचारले, की हिंदुस्थानात जे चालले आहे ते लष्करी 'म्युटिनी' आहे की राष्ट्रीय 'रिव्होल्ट' आहे? प्रश्न व्याकरणाचा वाटतो, पण तो जबाबदारीचा होता. म्युटिनी असेल तर दोष शिपायांचा, काडतुसांचा, फार तर छावणीतल्या अधिकाऱ्यांचा. रिव्होल्ट असेल तर दोष राज्यकारभाराचा, आणि संस्थाने खालसा करण्याच्या धोरणाचाही. इंग्रजी पुस्तकांत पुढे दीर्घकाळ 'म्युटिनी' टिकली, हे मला योगायोगाचे वाटत नाही. आपल्याकडेही 'शिपायांचे बंड', 'उठाव' आणि 'स्वातंत्र्यसमर' ही तीन नावे एकाच घटनेची आहेत, आणि माणूस कोणते नाव घेतो यावरून त्याने कोणते पाठ्यपुस्तक वाचले हे ओळखता येते.

'रिव्होल्ट'चा धातू 'रिव्होल्यूशन'चाही आहे, आणि त्याचा अर्थ आहे फिरणे. रिव्होल्टमध्ये माणूस सत्तेकडे पाठ फिरवतो. रिव्होल्यूशनमध्ये व्यवस्थाच फिरते. पहिले फसू शकते, दुसरा शब्द मात्र सहसा यशस्वी झालेल्यालाच मिळतो. 'रिव्होल्यूशन' हा शब्द राजकारणात येण्याआधी आकाशात होता. ग्रहांच्या फेऱ्यांना तो वापरत. आणि आपली 'क्रांती'? तीही पंचांगातली आहे. सूर्याच्या भासमान वाटेला आपण 'क्रांतिवृत्त' म्हणतो, आणि तिळगुळाच्या दिवशी जी येते ती 'संक्रांत' त्याच 'क्रम्' धातूची. अरबीतून आलेल्या 'इन्किलाब'च्या मुळाशीही उलटणे, पालटणे आहे. तीन दूरदूरच्या भाषांनी एकच चित्र पाहावे, याचे मला दर वेळी नवल वाटते. 'गदर' या शब्दाचा अरबीतला मूळ अर्थ मात्र विश्वासघात असा आहे, आणि तरीही तो शब्द लोकांनी अभिमानाने मिरवला.

(दृश्य : सिव्हिल लाइन्समधील रुंद, झाडांखालचा रस्ता. पहाट.)

हा रस्ता आता फिरायला येणाऱ्यांचा आहे. १९२३ साली मात्र राष्ट्रीय झेंडा घेऊन या भागात शिरण्यास बंदी होती. १ मेपासून जमनालाल बजाज यांच्या नेतृत्वाखाली झेंडा सत्याग्रह सुरू झाला. स्वयंसेवकांच्या तुकड्या झेंडा घेऊन येत, हद्दीवर अडवल्या जात, अटक होई आणि दुसऱ्या दिवशी नवी तुकडी येई. बजाज तुरुंगात गेल्यावर वल्लभभाई पटेल यांनी सूत्रे हाती घेतली, आणि १८ ऑगस्टला झेंड्याची मिरवणूक सिव्हिल लाइन्समधून पार पडली.

या तरुणांना इंग्रजीत काय म्हणायचे? त्यांनी हुकूम मोडला, म्हणजे 'डिसओबे' केले. पण तेवढे पुरे नाही. आईने हाक मारली आणि मूल खेळत राहिले, तर ते 'डिसओबे' करते. आईच्या डोळ्यांत पाहून 'नाही येत' म्हणाले, तर ते 'डिफाय' करते. या दुसऱ्या शब्दाचा मूळ अर्थ निष्ठा परत करणे असा आहे. मध्ययुगीन युरोपात सरदार आपल्या धन्याची बांधिलकी उघडपणे नाकारी, त्याला हा शब्द होता. झेंडेकऱ्यांचे वागणे यालाही पुरते जुळत नाही, कारण ते हद्दीवर थांबत, अटक करून घेत आणि शिक्षा भोगत. हुकूम अमान्य, पण शिक्षा मान्य, ही जागा इंग्रजीत रिकामीच होती म्हणाना. अमेरिकेत थोरो यांनी १८४९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधाच्या शीर्षकात 'रेझिस्टन्स', म्हणजे प्रतिकार, हा शब्द होता. 'सिव्हिल डिसओबिडियन्स' हे शीर्षक त्यांच्या मृत्यूनंतर छापलेल्या संग्रहात आले. दक्षिण आफ्रिकेत गांधींना 'पॅसिव्ह रेझिस्टन्स' हे नाव खुपले, म्हणून त्यांनी नवा शब्द सुचवण्याचे आवाहन केले आणि त्यातून 'सत्याग्रह' निघाला. 'पॅसिव्ह'मध्ये दुबळ्याची निरुपायी स्वस्थता डोकावते. आग्रहात ती नाही. नागपुरात शब्दांची ही शिदोरी आधीच पोहोचली होती, कारण असहकाराच्या ठरावावर काँग्रेसने शिक्कामोर्तब केले ते डिसेंबर १९२० मध्ये, याच शहरात भरलेल्या अधिवेशनात.

झेंडा सत्याग्रह चालू असताना गांधी स्वतः येरवड्याच्या तुरुंगात होते, आणि ज्या कलमाखाली होते त्याचा शब्दही येथे पाहून घ्यावा. तो शब्द 'सिडिशन', म्हणजे राजद्रोह. त्याचे लॅटिन रूप 'वेगळे होऊन निघून जाणे' असे आहे, पण कायद्यात तो गुन्हा मुख्यतः बोलण्याचा आणि लिहिण्याचा झाला. भारतीय दंडविधानात १८७० साली घातलेल्या कलम १२४ अ मध्ये 'डिसअफेक्शन' हा शब्द होता, ज्याला मराठीत अप्रीती म्हणता येईल. १८९७ च्या टिळकांवरील खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्यूरीला त्याचा अर्थ प्रीतीचा अभाव असा समजावून दिला. म्हणजे सरकारवर प्रेम नसणे पुरे. 'ट्रीझन' याहून निराळा. त्याच्या मुळाशी 'हवाली करणे' आहे, आपलेच कोणी शत्रूच्या हाती देणे. मराठीत त्याला जवळचा शब्द 'फितुरी'. आपल्या बातम्यांत राजद्रोह आणि देशद्रोह हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास टाकतात, पण एकात सरकारविषयी वाईट बोलणे आहे आणि दुसऱ्यात देश विकणे. दोन्हींमधले अंतर मोठे आहे. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने कलम १२४ अ चा वापर स्थगित ठेवला, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत 'सिडिशन' हा शब्द नाही. तेथील कलम १५२ सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांविषयी बोलते.

नागपूरपासून फार दूर नसलेल्या, तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातल्या चिमूरला १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, जे घडले त्यात गोळीबार झाला, लोक मेले आणि सरकारी अधिकारीही मारले गेले. त्या वर्षीच्या देशभरातील घटनांना सरकारने आपल्या प्रकाशनात 'डिस्टर्बन्सेस' म्हणजे गडबडी म्हटले. पण त्याच ऑगस्टच्या ३१ तारखेला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी चर्चिल यांना कळवले, की आपण १८५७ नंतरच्या सर्वांत गंभीर 'रेबेलियन'ला तोंड देत आहोत. छापील कागदावर गडबड आणि खासगी तारेत बंड! सत्तेला योग्य शब्द ठाऊक नसतो असे नाही. तो कोणासमोर उच्चारायचा, हे तिने ठरवलेले असते.

(दृश्य : टेकडी रोड. बॅरिकेड, बसलेला मोर्चा, पलीकडे विधानभवन.)

दर हिवाळी अधिवेशनात यशवंत स्टेडियमपासून निघालेले मोर्चे टेकडी रोडवर किंवा मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटला अडवले जातात. 'मोर्चा' हा शब्द फारसीतून आला तेव्हा तोफांची आड किंवा खंदक असा त्याचा अर्थ होता. आज त्यात निवेदनाचा कागद आणि शिष्टमंडळ असते. इंग्रजीत याला 'प्रोटेस्ट' म्हणतात, आणि त्याच्या पोटात 'साक्षीदार' हा लॅटिन शब्द आहे. प्रोटेस्ट करणारा सत्ता उलथवायला आलेला नसतो. तो सर्वांदेखत साक्ष द्यायला आलेला असतो, आणि निवेदन स्वीकारायला कोणीतरी यावे अशी त्याची अपेक्षा असते. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी अनुसूचित जमातीचा दर्जा मागायला आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जण मृत्युमुखी पडले. ते काही राज्य मागत नव्हते. त्यांचे स्मारक विधानभवनापासून दूर नाही.

विधानभवनाच्या आत आणखी एक विरोध बसतो, 'ऑपोझिशन'. त्याला दालन, गाडी आणि विरोधी पक्षनेत्याचे पद मिळते. 'राजाचा विरोधी पक्ष' हा प्रयोग ब्रिटिश संसदेत १८२६ साली हॉबहाउस नावाच्या सदस्याने थट्टेने केला आणि तो तसाच चिकटला.

या सगळ्या शब्दांची उतरंड एका माणसाने अतिशय काटेकोरपणे लावली होती. १९२७ साली महाडला आणि १९३० साली नाशिकला सत्याग्रह करणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत सांगितले, की संविधानिक मार्ग उपलब्ध असताना रक्तरंजित क्रांतीबरोबरच सविनय कायदेभंग, असहकार आणि सत्याग्रहही आपण सोडले पाहिजेत; ते म्हणजे अराजकाचे व्याकरण होय. सात वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखो अनुयायांसह त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला. येथे वरचा एकही इंग्रजी शब्द लागत नाही, कारण त्यांनी जातिव्यवस्थेच्या सत्तेशी असलेले नातेच संपवले. अनुयायी त्या दिवसाला 'धम्मचक्र प्रवर्तन' म्हणतात. चाक, आणि त्याचे फिरणे. 'रिव्होल्यूशन'चे चित्र येथेही आहे.

(दृश्य : पुन्हा तोच वर्ग.)

आता माजी नगरसेवक. त्यांच्यासाठी नेमका शब्द 'रेबेल' हाच होता. पण एक कबुली द्यायला हवी : पुढे मला इंग्रजी वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत पक्षांतर्गत नाराजीला 'म्युटिनी' म्हटलेले अनेकदा दिसले. तेथे पक्ष हे जहाज असते, नेता कप्तान असतो, आणि शब्द मुद्दाम चढवलेला असतो. माझ्या विद्यार्थ्यांनी तो मुद्दाम चढवलेला नव्हता, हे खरे. तरी रेघ जरा जास्तच जाड होती.

अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या दिवशी त्या गृहस्थांनी अर्ज मागे घेतला. दुसऱ्या दिवशी ती विद्यार्थिनी बातमीचे कात्रण घेऊन आली. 'बंडोबा झाले थंडोबा' असा मथळा होता, आणि 'थंडोबा'ला इंग्रजीत काय म्हणायचे, असे तिने विचारले. तो शब्द मला अजून सापडलेला नाही.