येताना जुने बूट घेऊन या

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या सोलापुरात पहाटे साडेपाचला पार्क मैदानाकडे नाहीतर विजापूर रस्त्यानं संभाजी तलावाकडे चक्कर मारली, तर हल्ली धावणारी माणसं हमखास भेटतात. पूर्वी त्या वेळेला धावणारा म्हणजे एकतर तालमीतला पैलवान, नाहीतर पोलीस भरतीचा उमेदवार. आता डॉक्टर धावतात, शिक्षिका धावतात. यंत्रमागावरची रात्रपाळी उरकून घरी जाण्याआधी दोन फेऱ्या मारणारा एक तरुणही माझ्या ओळखीचा आहे. या सगळ्यांसाठी मी एक छोटं दुकान चालवतो. त्यात फक्त धावण्याचं सामान मिळतं. शाळेचे बूट नाहीत, लग्नातले नाहीत. बूट घेताना माणसं कुठे चुकतात ते मी रोज बघतो, आणि बऱ्याच चुका दुकानाची पायरी चढण्याआधीच टाळता येतात. म्हणून आज तुमच्याशी बोलायला आलोय.

मागच्या हिवाळ्यात मोहोळकडचे एक वडील मुलाला घेऊन आले. मुलगा एकोणीस वर्षांचा, भरतीसाठी सोळाशे मीटरची तयारी करणारा. वडील आल्या आल्या म्हणाले, "मालक, एक नंबर मोठाच द्या. पोराचा पाय वाढतोय अजून." मी मुलाला बाकावर बसवलं आणि बूट-मोजे काढायला सांगितले. टाचेवर दोन्हीकडं फोड येऊन गेलेले. उजव्या अंगठ्याचं नख निळं पडलेलं. बुटाच्या पुढच्या टोकात कापसाचा बोळा. मागच्या वर्षीही वडिलांनी असाच मोठा नंबर घेतला होता, 9 चा. पाय मोजला तर 8 निघाला.

नख काळं पडलं की बूट लहान आहे, असं सगळे धरून चालतात. बूट सैल असला तरी तेच होतं. प्रत्येक पावलाला पाय आत पुढे घसरतो आणि बोटं जाऊन टोकावर आपटतात. धावताना एकेका पावलाला अंगाच्या वजनाच्या दोन-अडीच पट भार जमिनीवर येतो. साठ किलोच्या पोराच्या पावलावर दीडशे किलोपर्यंतचा भार येताना ते नख टोकावर किती वेळा आपटलं असेल, याचा हिशेब करा. मी वडिलांना समजावलं, काका, एकोणिसाव्या वर्षी पाय बहुतेक वाढायचा थांबतो, आणि भरती वाढत्या पायासाठी थांबणार नाही. त्यांनी 8 चाच जोड नेला. गेल्या हंगामातलं मॉडेल होतं, म्हणून किंमतही उतरली होती.

आता हा नंबर म्हणजे काय ते थोडं सांगतो. आपल्याकडे चालतात ते बुटाचे नंबर इंग्रजी पद्धतीचे. ती पद्धत जवाच्या दाण्यावर बसवलेली आहे. एक नंबर वाढला की लांबी एका दाण्यानं वाढते, म्हणजे इंचाचा तिसरा भाग, साधारण साडेआठ मिलिमीटर. अर्ध्या नंबराला सव्वाचार मिलिमीटर. अमेरिकन नंबर वेगळे, युरोपातले आणखी वेगळे. पुरुषांच्या बुटात इंग्रजी 8 म्हणजे अमेरिकन साधारण 9. त्यामुळे "माझा नंबर नऊ" असं कुणी म्हणालं की मी पहिल्यांदा विचारतो, कुठला नऊ? बुटाच्या जिभेच्या आतल्या बाजूला छोटी पट्टी असते, तिच्यावर हे सगळे नंबर असतात आणि बहुतेक वेळा सेंटिमीटरही असतात. सेंटिमीटरवर भरवसा ठेवा.

अक्कलकोट, बार्शी, करमाळा, मंगळवेढा, इतक्या लांबून प्रत्येकाला सोलापूरला येणं जमत नाही. मोबाइलवर बूट मागवणारेही खूप आहेत. त्यांच्यासाठी सांगतो. पाय मोजायचा तो संध्याकाळी. दिवसभर उभं राहून पाय थोडे फुगलेले असतात, आणि धावतानाही ते तसेच फुगतात. कोरा कागद भिंतीला लावून फरशीवर ठेवा. टाच भिंतीला टेकवून दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं राहा. बसून मोजलं तर माप कमी येतं. सर्वांत लांब बोटाच्या टोकाशी पेन्सिलीनं खूण करा. ते बोट अंगठाच असेल असं नाही, पुष्कळांचं शेजारचं बोट लांब असतं. दोन्ही पाय मोजा, कारण बहुतेकांचा एक पाय किंचित मोठा असतो, आणि बूट त्या मोठ्या पायाचा घ्यायचा. बूट घालून उभं राहिल्यावर लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याएवढी जागा उरली पाहिजे. टाच मात्र मागे घट्ट धरलेली हवी.

लांबीबरोबर रुंदीही बघा. लहानपण चपलेत नाहीतर अनवाणी गेलेल्या माणसांचे पाय पुढे छान पसरलेले असतात. असा पाय निमुळत्या बुटात कोंबला की करंगळी सोलवटते. मग माणूस एक नंबर मोठा घेतो आणि पुन्हा मोहोळच्या मुलासारखी टाच सैल होते. काही कंपन्या रुंद साचा वेगळा काढतात, त्याच्यावर 2ई किंवा 4ई असं लिहिलेलं असतं. तो मागा. बायकांचे बूट मुळातच अरुंद साच्यावर बनतात. ज्या ताईंचा पाय रुंद आहे त्यांना मी सरळ पुरुषांचा जोड घालून बघायला सांगतो. रंगाकडं बघू नका, पायाला विचारा.

माझी स्वतःची पहिली अर्धमॅरेथॉन एकवीस किलोमीटरची होती. बूट एका मोठ्या शहरातल्या झगमगीत दुकानातून घेतले होते. विक्रेत्यानं माझा पाय पाहिलासुद्धा नाही. बूट बोटांना लागतो म्हटलं, तर म्हणाला, "वापरून सैल होईल." चामड्याचा जोडा सैल होतो, धावण्याचा बूट लांबीला काही वाढत नाही. माझी दोन नखं गेली, आणि अकराव्या किलोमीटरनंतर मी चालत होतो. दुकान काढायचं मनात आलं ते तेव्हा.

बूट पायाला बसण्याचं महत्त्व सांगताना मला नेहमी अबेबे बिकिला आठवतो. इथिओपियाचा हा सैनिक 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन अनवाणी धावला आणि 2 तास 15 मिनिटं 16 सेकंदांत जिंकला. तिथं मिळालेले बूट पायाला बसेनात, आणि अनवाणी धावायची सवय होतीच, म्हणून त्यानं बूट ठेवून दिले. चार वर्षांनी टोकियोत तो बूट घालून धावला आणि पुन्हा जिंकला, 2 तास 12 मिनिटांत. तो बुटाच्या विरोधात नव्हताच. न बसणाऱ्या बुटाच्या विरोधात होता.

गिऱ्हाइकांना मी एक गोष्ट आवर्जून सांगतो: येताना जुने बूट घेऊन या. तळ बघितला की पुष्कळ कळतं. टाचेची बाहेरची कड झिजलेली दिसली की लोक घाबरतात. घाबरू नका, बहुतेकांची टाच तिथंच टेकते. पण एक बूट जास्त आणि दुसरा कमी झिजला असेल, तर मी विचारतो, दुखतं का कुठे? रोज रस्त्याच्या एकाच कडेनं धावता का? आपल्या डांबरी रस्त्यांना कडेला उतार असतो. मग मी तळाच्या वरचा फोम अंगठ्यानं दाबून बघतो. बूट वरून नवा दिसतो, पण फोममध्ये आडव्या सुरकुत्या पडलेल्या असतात आणि तो दाबला तरी दबत नाही. साधारण पाचशे ते आठशे किलोमीटरनंतर असं होतं. जड माणसाचा लवकर, हलक्याचा उशिरा. घेतल्याची तारीख बुटाच्या आत पेनानं लिहून ठेवा.

आणि तो फोम उन्हात वाळवू नका. सोलापूरच्या मे महिन्यातलं ऊन फोमही खराब करतं आणि डिंकही सोडवतं. बूट भिजले तर आत वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत ठेवा.

पूर्वी मी गिऱ्हाइकाला ओला पाय शहाबादी फरशीवर ठेवायला सांगायचो. उमटलेल्या ठशावरून तळवा सपाट आहे की कमानीचा ते ठरवायचो आणि त्याप्रमाणे बूट द्यायचो. सगळीकडे असंच शिकवत. मग वाचनात आलं की अमेरिकन सैन्यात हजारो जवानांवर हीच पद्धत तपासली गेली. ठशाप्रमाणे बूट दिलेल्यांना आणि सगळ्यांना एकच बूट दिलेल्यांना दुखापती जवळपास सारख्याच झाल्या. त्या दिवसापासून मी फरशी ओली करणं सोडलं. आता दोन-तीन जोड घालायला देतो आणि गल्लीत धावून यायला सांगतो. ज्या जोडात पाय विसरला जातो, तो जोड तुमचा.

मोज्यांबद्दल सोलापूरकरांना समजवायला मला वेळ लागत नाही. आपला टॉवेल नावाजला गेला तो सूत पाणी धरतं म्हणून. अंग पुसताना हाच गुण हवा असतो. मोज्यात मात्र तो घातक. सुती मोजा घाम धरून ठेवतो, ओली कातडी मऊ पडते, घासते आणि फोड येतो. नायलॉन किंवा पॉलिस्टरचे, धावण्यासाठी विणलेले मोजे घ्या. महाग वाटतात, पण बुटावरचे पाचशे रुपये वाचवून मोज्यावर घातले तरी मी म्हणेन, चांगलं केलंत.

स्पोर्ट्स ब्राबद्दल रेडिओवर बोलावं की नाही, असा विचार मी केला. पण ती नीट न मिळाल्यामुळे कितीतरी मुली धावणं सोडतात, म्हणून बोलतो. आमच्या दुकानात हे माझी पत्नी बघते. तिचं सांगणं असं: भार खांद्यावरच्या पट्ट्यांनी नाही, छातीखालच्या पट्ट्यानं पेलायचा असतो. तो पट्टा दोन बोटं जातील इतपत घट्ट हवा आणि हात वर केले तरी वर सरकता कामा नये. जागच्या जागी उड्या मारून बघितल्याशिवाय घेऊ नका.

मधुमेह असलेल्यांनी बूट घालण्याआधी रोज आत हात फिरवून बघावा. पायाची जाणीव कमी झाली असेल तर एक खडाही दिवसभर कळत नाही, आणि जखम मोठी होऊन बसते.

आता लोक जाड तळाचे, आत कार्बनची पट्टी असलेले बूट मागतात. 2019 साली व्हिएन्नात केनियाचा धावपटू एलिउड किपचोगे तसेच बूट घालून 1 तास 59 मिनिटं 40 सेकंदांत मॅरेथॉनचं अंतर धावला, ते सगळ्यांनी पाहिलं. रस्त्यावरच्या शर्यतीत तळ 40 मिलिमीटरपेक्षा जाड नसावा असा अ‍ॅथलेटिक्सच्या जागतिक संघटनेचा नियम आहे. ते बूट वेगासाठी बनवलेले असतात, लवकर झिजतात आणि हळू धावताना डुगडुगतात. गेल्या महिन्यात एक डॉक्टर पैसे हातात घेऊन आले होते. आठवड्यातून तीनदा, पाच-पाच किलोमीटर, सावकाश धावणारे. मी त्यांना साधा जोड दिला. तो निम्म्याहून कमी किमतीचा होता.

बूट घरी नेलेत की वरचं शेवटचं भोक रिकामं ठेवू नका. नाडी त्याच बाजूच्या त्या भोकातून आत घाला, छोटा फासा राहू द्या, समोरच्या नाडीचं टोक त्या फाशातून काढा आणि मग ओढून गाठ मारा. टाच जागेवर बसते. मोहोळच्या मुलाला मी हे दुकानाच्या पायरीवर बसून तीन वेळा बांधून दाखवलं. चौथ्यांदा त्यानं स्वतः बांधलं, आणि वडिलांनी वाकून ते बघून घेतलं.

नमस्कार.