रविवारी भांडी कोण घासतं?

श्रोतेहो, नमस्कार.

उपवासकाळ सुरू आहे. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचे चाळीस दिवस. मधले रविवार त्यात मोजत नाहीत, कारण रविवार हा उपासाचा नव्हेच, पुनरुत्थानाचा. या दिवसांत कुणी मटण सोडतं, कुणी गोड सोडतं, तरुण मुलं हल्ली मोबाइलवरचे रील सोडतात. मी एका वर्षी चहा सोडला होता, त्याचं प्रायश्चित्त घरातल्या बाकीच्यांना घ्यावं लागलं. आज मात्र काही सोडण्याबद्दल बोलणार नाही. न मोजलेल्या त्या रविवारांबद्दल बोलायचं आहे, आणि त्या दिवशी मोरीत पडणाऱ्या भांड्यांबद्दल.

मी मूळची नगरची. लहानपणी आमच्याकडे रविवारची तयारी शनिवारी संध्याकाळीच व्हायची. कपड्यांना इस्त्री, बुटांना पॉलिश, पाट्यावर वाटण. रविवारी कुणी सुईत दोरा ओवला तरी आजी डोळे वटारायची. पहिली घंटा झाली की सगळे चर्चमध्ये भक्तीला. आजीचा शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, कडक होता. पण चूल रविवारीही पेटायची आणि ती आजीच पेटवायची, हे तेव्हा आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आलं नाही. तिच्याही आलं नसावं.

पुढे लग्न होऊन पुण्यात आले. नोकरी, फ्लॅट, धुण्याभांड्याला मावशी. आमचा रविवार म्हणजे सकाळी भक्ती आणि दुपारी पाहुणे. म्हणजे मावशींचा आठवड्यातला सगळ्यात जड दिवस रविवार. असं वर्षानुवर्षं चाललं होतं.

तीनेक वर्षांपूर्वीच्या एका रविवारी पाळकसाहेबांनी दहा आज्ञांपैकी शब्बाथाच्या आज्ञेवर प्रवचन केलं. आम्हा प्रोटेस्टंटांच्या मोजणीत ती चौथी, कॅथलिक मंडळींच्या मोजणीत तिसरी. पाळण्यात दोघांचीही सारखीच ढिलाई. घरी आले. सहा पाहुणे जेवून उठले होते. मावशी भांडी घासत होत्या. सहज म्हणाल्या, “ताई, आज काय सांगितलं तुमच्या देवळात?”

मी म्हटलं, “हेच, नेहमीचं. चांगलं वागावं वगैरे.”

खरं सांगायची लाज वाटली, श्रोतेहो. रात्री बायबलच्या निर्गम पुस्तकातला विसावा अध्याय काढला, दहा आज्ञांचा. पाठ होता, पण पाठ असलेली गोष्ट माणूस वाचत नाही. सातव्या दिवशी काम करायचं नाही ते कुणी, याची तिथे यादीच आहे: तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, तुझी गुरंढोरं आणि तुझ्या वेशीच्या आत राहणारा परका. माझा नवरा मिस्कील. तो म्हणाला, “यादीत बायको नाही बरं का.” ‘तू’मध्येच ती आली, असं जाणकार सांगतात. तसं असेलही, स्वयंपाकघरात मात्र ती सहसा वगळलेलीच असते.

हीच आज्ञा बायबलमधल्याच ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात पुन्हा येते, आणि तिथे कारण बदलतं. निर्गमात कारण आहे ते देवाने सहा दिवसांत सृष्टी घडवून सातव्या दिवशी विसावा घेतला याचं. अनुवादात म्हटलंय, तुझ्या दासदासींनाही तुझ्यासारखाच विसावा मिळावा म्हणून, आणि आठवण ठेव, तूही मिसर देशात दास होतास. ‘तुझ्यासारखाच’ हा शब्द मी आजवर ऐकला कसा नाही? आम्ही प्रार्थनेत विसावलो, गाण्यात विसावलो, जेवणानंतर सोफ्यावर विसावलो, आणि त्या सगळ्या विसाव्याचं खरकटं एका बाईच्या हातात दिलं.

कारखान्याला आठवड्याच्या सुट्टीचा कायदा आहे. तो कायदा आपल्या घरच्या ओट्यापर्यंत येत नाही. तिथे मालकीणच सरकार.

तर मी मावशींना सांगितलं, उद्यापासून रविवारी यायचं नाही. माझी कल्पना होती की त्या खूश होतील. त्यांचा चेहरा उतरला. “पगार कापणार का, ताई? का दुसरी बघितली?” म्हटलं, नाही हो, पगार तेवढाच. तरी दोन आठवडे त्या माझ्याकडे संशयानेच बघत होत्या. आपल्या चांगुलपणावर समोरच्याचा विश्वास बसत नाही तेव्हा आपल्याला राग येतो. खरं तर आधीचा अनुभव त्यांचा असतो, आपला नसतो.

महिनाभराने कळलं की मावशींनी रविवारी दुसरं घर धरलंय. बचत गटाचा हप्ता थकला होता. झालं. माझी चौथी आज्ञा तिकडच्या मोरीत गेली. मला आधी वाईट वाटलं, मग फसवल्यासारखं वाटलं, आणि मग वाळवंटातल्या मान्न्याची, देवाने आकाशातून दिलेल्या अन्नाची, गोष्ट आठवली. इस्राएल लोकांना रोज त्या दिवसापुरताच मान्ना मिळे. जास्त साठवला तर किडे पडत. फक्त सहाव्या दिवशी तो दुप्पट मिळे आणि तेवढाच सातव्या दिवसापर्यंत टिकत असे. म्हणजे देवाने नुसतं ‘बसा’ असं सांगितलं नाही. आदल्या दिवशी पोटाची सोय केली आणि मग बसायला सांगितलं. मी मात्र सोय न करता सुट्टी दिली होती. सहा वर्षांत मी त्यांचा पगार किती वाढवला, ते या रेडिओवर सांगण्यासारखं नाही.

पगार वाढवला. किती ते आमच्या घरात ठरलं, थोडी कुरबूर होऊन ठरलं. काही महिन्यांनी मावशींनी ते रविवारचं घर सोडलं, आणि पहिल्या मोकळ्या रविवारी नणंदेबरोबर जेजुरीला गेल्या. सोमवारी आल्या त्या कपाळाला भंडारा लावूनच.

तो पिवळा भंडारा बघून मला नारायण मेघाजी लोखंडे आठवले. जोतीराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधू’ वृत्तपत्राचे संपादक. मुंबईतल्या गिरणी कामगारांना त्या काळी ठरलेली साप्ताहिक सुट्टी नव्हती. लोखंड्यांनी 1884 मध्ये कामगारांच्या सभा घेऊन रविवारची सुट्टी मागितली. इंग्रज साहेब रविवारी चर्चला जातो म्हणून आम्हालाही सुट्टी द्या, अशी ती मागणी नव्हती. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून तो आम्हाला हवा, असं त्यांचं म्हणणं. 1890 मध्ये मोठी सभा झाली, तीत दोन कामगार बायकाही बोलल्या, आणि त्याच वर्षी गिरणी मालकांनी सुट्टी मान्य केली. ज्या दिवसाला आम्ही प्रभूचा दिवस म्हणतो, तो इथल्या कष्टकऱ्यांनी खंडोबाच्या नावाने मिळवला. मी ख्रिस्ती बाई आहे, आणि मला यात काहीही खुपत नाही. उलट थोडी शरम वाटते, की चर्चला जाणाऱ्या साहेबाच्या राज्यात तो दिवस मागावा लागला.

आता सगळं सुरळीत झालं असं समजू नका. पहिल्या वर्षी आम्ही युक्ती काढली: रविवारी स्वयंपाक नको, भांडी नकोत, बाहेरून बिर्याणी मागवू. मुलगा म्हणाला, “आई, बिर्याणी आणणारा मुलगा वेशीच्या आत येतो का बाहेर?” मी त्याला गप्प बसवलं. पण दार उघडल्यावर हेल्मेटमधला तो घामेजलेला चेहरा दिसला, आणि यादीतला ‘परका’ हाच, हे लख्ख कळलं. येशूने म्हटलंय, शब्बाथ माणसासाठी झाला, माणूस शब्बाथासाठी नाही; म्हणजे दवाखान्यातली नर्स, एसटीचा ड्रायव्हर यांना रविवारी काम करावंच लागणार आणि त्यात पाप नाही. पण माझी बिर्याणी त्या रांगेत बसते का? मला वाटतं, बसत नाही. कुणाला त्या मुलाची रविवारची जास्तीची कमाई बुडवणं कठोर वाटेल. त्यांचंही चुकत नाही. मी अजून याचा निकाल लावू शकलेले नाही. कधी मागवते, कधी नाही. मागवलं तर पाणी विचारते आणि जिना चढायला लावत नाही, खाली जाते.

एरवी रविवारी आमच्याकडे आता खिचडी असते, कुकरमधली, एका भांड्याची. नवरा घासतो. मटण शनिवारी रात्री.

येत्या रविवारी आठ माणसं जेवायला आहेत. सगळ्यांना आधीच निरोप धाडलाय की आपापलं ताट आपणच घासायचं. सातजणांनी हो म्हटलंय. आमच्या दिरांचं उत्तर अजून यायचं आहे.

नमस्कार.