ट्रोल जळतो, हे नक्की कुणाला माहीत आहे?

[दृश्य: टेबलावर पसरलेला चौकटींचा नकाशा, फासे, पेन्सिली. फक्त हात दिसतात.]

ओढ्यापलीकडून काहीतरी येतंय. हिरवट कातडी, गुडघ्यापर्यंत लोंबणारे हात. योद्ध्याने तलवारीने पाडलेली जखम डोळ्यांदेखत भरून येते.

एवढं वर्णन करून डीएम, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि नियम सांभाळणारा डंजन मास्टर, थांबतो. टेबलाभोवती बसून एकेक पात्र खेळणाऱ्या चौघांच्याही डोक्यात एकच शब्द आलेला असतो: ट्रोल, तो लोककथांतला राक्षस. आणि पाठोपाठ दुसरा: आग. कुणी नियमांच्या पुस्तकात वाचलंय, कुणी व्हिडिओ गेममध्ये पाहिलंय. डंजन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका वठवण्याच्या खेळाच्या 2014 सालच्या नियमांत ट्रोलचे हिट पॉइंट, म्हणजे मार सोसण्याचे गुण, 84, आणि दर पाळीला त्यातले 10 आपोआप परत येतात. आगीचा किंवा ॲसिडचा मार बसला, तरच ते भरून येणं पुढच्या पाळीपुरतं थांबतं.

पण पात्रांचं काय? हा योद्धा म्हणजे शेतकऱ्याचा पोरगा, आत्ता कुठे तलवार हातात धरायला शिकलेला. ती पुजारीण मठातून पहिल्यांदाच बाहेर पडलेली. ट्रोल त्यांनी जन्मात पाहिलेला नाही. मग योद्धा एक वार करतो, दुसरा करतो, तिसरा करतो. "अरेच्चा, याच्या जखमा भरतायत की!" कपाळाला आठ्या. आणि मग, अगदी योगायोगाने, त्याची नजर पुजारिणीच्या हातातल्या मशालीकडे जाते.

वेड पांघरून पेडगावला जाणं म्हणतात ते हेच.

आता तीनच वार का, ते बघा. पहिल्याच वारानंतर मशाल मागितली असती, तर बाकीच्यांनी डोळे वटारले असते. दहा वार केले असते, तर सगळी पार्टी, म्हणजे या पात्रांची टोळीच, मेली असती. तीन हा आकडा शेतकऱ्याच्या पोराने ठरवलेला नाही. तो खेळाडूने ठरवला, आणि ठरवताना उत्तर त्याच्यासमोर उघडं पडलेलं होतं. माहिती न वापरल्याचं सोंग आणायलाही तीच माहिती वापरावी लागली.

खेळाडूला माहीत असलेली गोष्ट पात्राच्या तोंडी किंवा हाती घालणं, याला मेटागेमिंग म्हणतात. टेबलावर हा शब्द बहुतेक वेळा शिवीसारखा येतो. पण ती शिवी दर वेळी योग्य माणसाला बसते का?

[दृश्य: जुना लष्करी नकाशा, त्यावर लाल आणि निळे ठोकळे.]

अज्ञान खरं असेल, तर हा पेच उद्भवतच नाही. प्रशियाच्या सैन्यात 1824 साली राइसविट्झ नावाच्या तरुण तोफखाना अधिकाऱ्याने क्रीग्सश्पील हा युद्धखेळ मांडला. दोन्ही बाजूंचे सेनापती पंचाला लेखी हुकूम देत. नकाशावर ठोकळा ठेवला जाई तो समोरच्याला दिसू शकणाऱ्या पलटणीचाच. टेकडीमागची पलटण फक्त पंचाला आणि तिच्या सेनापतीला ठाऊक. इथे कुणी भोळेपणाचा आव आणत नव्हतं, कारण खरोखरच माहीत नव्हतं.

ही कल्पना पुढे अमेरिकेत पोहोचली. मिनेसोटात 1969 साली डेव्हिड वेझली याने ब्राउनश्टाइन नावाचा खेळ घेतला. काल्पनिक जर्मन गाव, नेपोलियनचा काळ, प्रत्येक खेळाडूला स्वतंत्र भूमिका आणि स्वतःचा छुपा हेतू. एकेकाला वेगळ्या खोलीत बोलावून त्याचं काय चाललंय ते ऐकायचं, असा वेझलीचा बेत. पण तो आत असताना बाहेरच्यांनी आपापसात कारस्थानं सुरू केली. वेझलीला वाटलं खेळ फसला, आणि खेळाडू म्हणाले, पुन्हा कधी? त्या खेळाडूंपैकी एक होता डेव्ह आर्नेसन. त्याने आणि गॅरी गायगॅक्सने मिळून 1974 मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्स आणला.

आणि तिथे सगळे एकाच टेबलाभोवती बसले. एकाचं पात्र तळघरात खलनायकाशी सौदा करतंय आणि बाकीचे तीन जण हातभर अंतरावरून ऐकतायत. चिठ्ठ्या देऊन पाहिल्या गेल्या, शेजारच्या खोलीत नेऊन पाहिलं गेलं. गुपित राहतं, पण उरलेले तिघे जांभया देत बसतात.

[दृश्य: एक रिकामी खुर्ची, तिच्यावर तीन वेगवेगळ्या सावल्या.]

समाजशास्त्रज्ञ गॅरी ॲलन फाइन यांनी या टेबलांचा अभ्यास करून 1983 मध्ये मांडलं, की खुर्चीत एकाच वेळी तिघं बसलेले असतात. एक माणूस, ज्याला उद्या लवकर उठायचंय. एक खेळाडू, ज्याला नियम आणि फासे कळतात. आणि एक पात्र. यातलं पात्र सर्वांत कमी जाणतं, आणि त्याच्या वतीने निर्णय घेतात बाकीचे दोघे.

"मला माहीत नाही असं समजून वागतो" हे म्हणायला सोपं आहे. मानसशास्त्रज्ञ बरूक फिशहॉफ यांनी 1975 मध्ये लोकांना 1814 च्या इंग्रज-गुरखा संघर्षाची हकिकत वाचायला दिली. काहींना शेवट सांगितला, काहींना नाही. ज्यांना सांगितला, त्यांना तोच शेवट जास्त संभवनीय वाटला. शेवट माहीत नाही असं धरून उत्तर द्या, असं बजावल्यावरही कळलेलं बाजूला ठेवणं लोकांना जमलं नाही. आपला योद्धा त्याच जातीचा.

ट्रोलचं प्रकरण निदान कधीमधी येतं. फाशांचं प्रकरण दर बैठकीला.

[दृश्य: वीस बाजूंचा फासा घरंगळत येतो आणि 2 वर थांबतो.]

पार्टीतली चोर दाराजवळ वाकते. सापळा आहे का, बघते. फासा टाकते. दोन. डीएम शांतपणे म्हणतो, "तुला काही दिसत नाही."

दोन पाहिलाय सगळ्यांनी. पात्राला मात्र त्या आकड्याची गंधवार्ता नाही. तिने नीट पाहिलं, तिची खात्री पटली, संपलं. तरीही जादूगार घसा खाकरतो: "मी पण एकदा बघतो." मग योद्ध्यालाही अचानक कुलपांमध्ये रस निर्माण होतो. समजा सापळा सापडायला 15 किंवा त्याहून जास्त हवेत, आणि कुणालाच काही बोनस नाही. एकट्याला शक्यता 30 टक्के. चौघांनी पाळीपाळीने फासा टाकला, तर निदान एकाला सापडण्याची शक्यता 76 टक्के. चोराचं कसब गेलं बाजूला. ज्या टेबलावर माणसं जास्त, ते टेबल हुशार.

इथे खेळाडूला दोष देऊन काही मिळत नाही. हा प्रश्न मांडणीचा आहे. फासा पडद्याआड टाका. पाथफाइंडर या अशाच खेळाच्या 2019 च्या आवृत्तीने तर तसा नियमच केला: काही कृतींसाठी गेम मास्टरने, म्हणजे तिथल्या डीएमने, गुपचूप फासा टाकायचा आणि फक्त निकाल सांगायचा. फासा आपल्या हाताने टाकण्यातली मजा जाते हे खरं. पण मग "काही दिसत नाही" या वाक्याला पुन्हा वजन येतं.

तेच राक्षसांचं. नाव सांगूच नका, वर्णन करा. गायगॅक्स आणि मंडळींनी तर यापुढे जाऊन जाणत्यांसाठीच सापळे रचले. 1977 च्या राक्षसकोशातला गॅस स्पोर लांबून हुबेहूब बिहोल्डर वाटतो, म्हणजे अनेक डोळ्यांचा तो कुप्रसिद्ध तरंगता गोळा. ज्याला बिहोल्डर ठाऊक आहे तो घाबरून पहिला वार करतो, आणि गोळ्याचा स्फोट होतो. अडाणी माणूस कदाचित वाचला असता. डीएमसाठीचं 1979 चं मार्गदर्शक पुस्तक ज्या खेळाडूकडे सापडेल, तो सन्मानाने मरण्याच्याही लायकीचा नाही, असंही गायगॅक्सने त्यात अर्धवट थट्टेने लिहून ठेवलं. त्या काळच्या खेळात कस लागे तो खेळाडूच्या डोक्याचा. पात्र म्हणजे बऱ्याच अंशी हातमोजा. त्या टेबलावर ट्रोलला पहिल्याच वाराला पेटवला असता तर शाबासकी मिळाली असती, आणि त्यात काही चूकही नव्हतं.

आता दुसरी बाजू. ज्ञान काटेकोरपणे वेगळं ठेवायचंच म्हटलं, तर पार्टी जमणारच नाही. चार अनोळखी माणसं सरायीत भेटतात आणि तासाभरात एकमेकांच्या भरवशावर गुहेत उतरतात. का? कारण टेबलावर चार खुर्च्या आहेत. ही मेटागेमिंगच आहे, आणि तिच्याशिवाय खेळ सुरूच होत नाही. उलट "माझं पात्र असंच वागलं असतं" म्हणत सोबत्यांच्या पिशव्या कापणारा भिडू आपण सगळ्यांनी पाहिलाय. पात्राशी प्रामाणिक, आणि शेजारी बसलेल्या माणसांशी? माझ्या मते तो उत्तर ठाऊक असलेल्या योद्ध्यापेक्षा जास्त नुकसान करतो.

[दृश्य: रात्रीचं शहर, छपरांवरून चालणारी आकृती. चित्र मागे-मागे सरकतं.]

आणि एक गोष्ट सहसा विसरली जाते: पात्रालाही खेळाडूपेक्षा पुष्कळ कळतं. ज्या जगात ट्रोल खरेच आहेत, तिथे त्यांच्या गोष्टी आज्या सांगतच असणार. शेतकऱ्याच्या पोराला आगीचं ठाऊक असणं मुळीच अशक्य नाही. म्हणून डीएमने विचारावं, "तुझ्या पात्राला हे कुठून कळलं?" खेळाडू म्हणतो, "काकाचा पाय ट्रोलने तोडला होता." झालं. फसवणुकीचा संशय गेला, आणि पात्राला एक काका मिळाला.

2017 च्या ब्लेड्स इन द डार्क या खेळाने या उलट्या दरीवरच नियम बांधला. पात्रं मुरलेले दरोडेखोर, खेळाडू नवखे. पहारेकरी समोर आल्यावर खेळाडू फ्लॅशबॅक मागतो: याला मी कालच लाच दिली होती. अशी मागची तजवीज साधी असेल तर फुकट, गुंतागुंतीची असेल तर 1 स्ट्रेस (पात्राने सोसायचा ताण), फारच लांबची असेल तर 2 किंवा त्याहून जास्त.

भयकथांच्या खेळात तर खेळाडूला माहीत असणं हीच मेजवानी. 1981 च्या कॉल ऑफ कथुलूमध्ये ते जुनाट पुस्तक उघडू नये, हे टेबलावर प्रत्येकाला कळतं. आणि पात्र ते उघडतं, कारण खेळाडूला त्याची वाट लागलेली बघायची असते. ज्ञानाची किंमतही कागदावर मांडलेली: कथुलू मिथॉसचे, म्हणजे त्या भयंकर गुपितांच्या ज्ञानाचे, गुण जितके वाढतात, तितकी सॅनिटीची, म्हणजे मन ताळ्यावर असण्याची, कमाल मर्यादा 99 वरून खाली येते. इथे कुणी मेटागेमिंगची तक्रार करत नाही, कारण खेळाडू आपल्या माहितीने पात्राला वाचवत नाही, खड्ड्यात ढकलतो.

राहिला तो भिडू, ज्याने हे साहस, म्हणजे डीएम वापरतो ते छापील कथानक, आधीच वाचलंय किंवा दुसऱ्या टेबलावर खेळलंय. त्याने पहिल्याच दिवशी डीएमला बाजूला घेऊन सांगावं, एवढी अपेक्षा रास्त आहे. मग कोड्यांच्या वेळी तो गप्प बसतो आणि मारामारीत पुढे होतो. ट्रेसी आणि लॉरा हिकमन यांनी 1983 च्या रेवनलॉफ्ट या साहसात याची सोय आधीच करून ठेवली होती. त्यात भविष्य सांगणारी बाई पत्ते मांडते. व्हॅम्पायरचा हेतू काय आणि त्याच्याविरुद्धची शस्त्रं किल्ल्यात कुठे, हे पत्त्यांवर ठरतं. वाचून आलेल्याला किल्ल्याचे जिने पाठ असतात. तलवार कुठल्या जिन्याखाली, ते त्यालाही इतरांबरोबरच शोधावं लागतं.