नांगर सोडून काय ते घ्या

श्रोतेहो, नमस्कार.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपण म्हणतो. आठशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमध्ये ती न चढणंही महागात पडे. बोलावूनही हजर राहिला नाहीत, दंड. फिर्याद हरलात, दंड. दप्तरात लॅटिनमध्ये नोंद व्हायची, 'अमुक इसम दयेवर'. म्हणजे राजाच्या दयेवर, आणि ती दया रोखीत मोजायची. याच दयेवरून, फ्रेंच 'मर्सी'वरून, या दंडाला नाव पडलं 'अमर्समेंट'. आज आपण ज्याला 'फाइन' म्हणतो तो तेव्हा निराळा होता. फाइन म्हणजे तडजोडीची रक्कम, पैसे भरून प्रकरण मिटवायचं. अमर्समेंटमध्ये मात्र माणसाला तडजोडीला जागाच नव्हती.

15 जून 1215 रोजी टेम्सकाठी, रनीमीडच्या कुरणावर, जॉन राजाने सरदारांपुढे नमतं घेतलं. त्या सनदेचं, मॅग्ना कार्टाचं, विसावं कलम या दंडाबद्दल आहे. दंड गुन्ह्याच्या मानाने असावा आणि परिसरातल्या भल्या माणसांनी तो शपथेवर ठरवावा. शिवाय काही गोष्टींना हात लावायचा नाही. स्वतंत्र माणसाचं 'कंटेनेमेंट', म्हणजे त्याच्या चरितार्थाचं साधन. कोविडातल्या कंटेनमेंट झोनशी याचा काही संबंध नाही बरं का! व्यापाऱ्याचा माल. आणि 'व्हिलेन'चं 'वेनेज'.

व्हिलेन म्हणजे जमीनदाराच्या शेताला बांधलेला कुळवाडी. सिनेमातल्या व्हिलनचा पूर्वज हाच. गावंढळ या अर्थावरून शब्द घसरत घसरत खलनायकापर्यंत गेला. वेनेजचा अर्थ कुणी नांगर-गाडी असा लावतं, कुणी उभं पीक. काहीही असो, ते गेलं की पुढच्या वर्षीची पेरणी संपलीच.

आपल्याकडे 1908च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं साठावं कलम असंच आहे. वसुलीसाठी जप्ती आली तरी शेतकऱ्याची अवजारं, लागणारी जनावरं आणि बियाणं नेता येत नाही. हे कलम थेट रनीमीडहून आलं, असं मी म्हणणार नाही. पण ते वाचताना विसावं कलम आठवतंच.

मात्र इंग्लंडच्या सरदारांना कुळांचा फार कळवळा होता, असं समजू नका. कुळाचा नांगर गेला तर नुकसान मालकाचं. 1217 साली सनद पुन्हा काढली तेव्हा व्हिलेनपुढे मोजक्याच शब्दांची भर पडली : 'आमच्याखेरीज इतरांचा'. राजाच्या स्वतःच्या जमिनीवरचं कूळ त्या संरक्षणातून अलगद बाहेर पडलं.