उभ्या गाडीची बॅटरी

नमस्कार श्रोतेहो.

बेळगाव-खानापूरकडं पाऊस एकदा बसला की गाडी शेडबाहेर काढणं जिवावर येतं. मुलगा पुण्याला नाहीतर बेंगळुरूला, गाडी मात्र इथं. मग गणपतीच्या तोंडावर किल्ली फिरवावी तर नुसतं टक्-टक्-टक्.

टिळकवाडीतल्या आमच्या शेजारच्या काकांचं असंच झालं. "अहो, मी रोज पाच मिनिटं चालू करून ठेवतो की!" गोम तिथंच आहे. स्टार्टर एका झटक्यात शंभरावर अँपिअर ओढतो. इंजिन जागेवर गुरगुरत असताना अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी भरणारा गाडीतला डायनॅमो, बेताचाच करंट देतो, त्यातला काही दिवे आणि पंखा खातात. पाच मिनिटांत खर्च जेमतेम भरून निघतो, शिल्लक पडत नाही. आणि बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

गाडी झोपली तरी तिचं घड्याळ, अलार्म, लॉक जागेच असतात. 50 मिलिअँपिअर जरी धरले तरी दिवसाला 1.2 अँपिअर-तास गेले. लहान गाडीची 35 अँपिअर-तासांची बॅटरी महिन्याभरात रिकामी. तशीच पडून राहिली की शिशाच्या प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो, मग कितीही चार्ज करा, पूर्वीचा दम येत नाही.

म्हणून आठवड्यातून एकदा पाऊण तास गाडी रस्त्यावर काढा. खानापूरला जाऊन या की. तेवढंही जमणार नसेल तर निगेटिव्हची काळी वायर सोडून ठेवा. काळीच आधी, बरं का. मी एकदा घाईत लाल सोडायला गेलो, पाना बॉडीला टेकला आणि असा जाळ उडाला की पान्याला खाच पडली. तो पाना अजून डिकीत आहे. जोडताना उलटं, काळी शेवटी.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर खायचा सोडा पाण्यात कालवून पुसा, वाळल्यावर व्हॅसलीन लावा. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर पाणी डिस्टिल्डच घाला, पागोळ्यांचं नको.

चार्जर लावताना जागा हवेशीर हवी. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, एका ठिणगीनं बॅटरी फुटू शकते. निपाणीची विडी तेवढा वेळ खिशातच राहू दे. आधी चिमटे, मग भिंतीवरचं बटण; काढताना आधी बटण. करंट बॅटरीच्या क्षमतेच्या दहाव्या भागाइतका ठेवा, म्हणजे 35 च्या बॅटरीला साडेतीन अँपिअर. जुना, आपोआप बंद न होणारा चार्जर रात्रभर लावून झोपू नका.

भरली की नाही, ते चार्जर काढल्या काढल्या कळत नाही. रात्रभर तशीच ठेवून सकाळी मल्टिमीटर लावा. 12.6 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी. काकांची बॅटरी अख्खा दिवस चार्जरवर होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मोजली तर 12.1. नवीच आणावी लागली.

आता काका दर रविवारी गाडी काढतात. अर्ध्या तासात परतले तर काकू दारातूनच विचारतात, "हे काय, इतक्यात?"